कॉम्प्युटरवर स्नूकर आणि पूल खेळताना पांढरा बॉल ताब्यात कसा ठेवायचा

कॉम्प्युटरवरच्या स्नूकर-पूलमध्ये नेम धरण्याचं निम्मं काम गेमच करून देतो. पडद्यावर रेष दिसते, ती पॉकेटकडे वळवली की बॉल पडतो. तरीही नवशिक्याचा ब्रेक, म्हणजे एका पाळीत सलग बॉल पाडण्याची मालिका, दोन-तीन बॉलांनंतर अडकतो, कारण पांढरा बॉल नको तिथे जाऊन थांबलेला असतो. पुढचा बॉल दिसत नाही, दिसला तर कोन चुकीचा असतो, नाहीतर पांढरा कुशनला, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेला, चिकटलेला असतो. म्हणून या लेखात नेमाबद्दल लागेल तेवढंच आहे आणि ताकद, स्पिन, पोझिशन याबद्दल बरंच जास्त.

गेम कोणत्या जातीचा आहे

हे गेम ढोबळमानाने दोन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारात टेबल वरून सपाट दिसतं. मिनिक्लिपचा ‘८ बॉल पूल’ हे त्याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण. यात नेमाची रेष भूमितीप्रमाणे असते आणि क्यू (खेळायची काठी) मागे ओढून सोडला की शॉट होतो. दुसऱ्या प्रकारात कॅमेरा क्यूच्या मागे असतो आणि बॉलचं घसरणं, गोल फिरणं, कुशनचं दबणं हे सगळं बऱ्यापैकी खऱ्यासारखं मोजलेलं असतं. ‘व्हर्च्युअल पूल ४’ आणि ‘स्नूकर १९’ या प्रकारातले. पहिल्या प्रकारातून दुसऱ्यात येणारा खेळाडू सुरुवातीला हमखास गोंधळतो, कारण रेषेवर डोळे मिटून विसंबायची सवय इथे नडते.

टेबलाच्या आकाराचाही फरक समजून घ्या. पूर्ण मापाच्या स्नूकर टेबलाचं खेळण्याचं क्षेत्र ३५६९ बाय १७७८ मिमी असतं आणि बॉल ५२.५ मिमीचा. नऊ फुटी पूल टेबलावर हेच क्षेत्र २५४० बाय १२७० मिमी आणि बॉल ५७.१५ मिमीचा असतो. त्यात पूलच्या पॉकेटचं तोंड बॉलच्या मानाने मोठं. त्यामुळे पूलमध्ये चालून जाणारी चूक स्नूकरमध्ये पॉकेटच्या जबड्यावर, म्हणजे तोंडाच्या कडेवर, आपटून बाहेर येते. हिशेब असा, की सरळ शॉटमध्ये पांढरा बॉल टक्कर होण्याच्या जागी १ मिमी बाजूला सरकला तर स्नूकरच्या लाल बॉलची दिशा साधारण १ अंशाने बदलते. मीटरभर अंतर गेल्यावर ही चूक जवळजवळ २ सेंमी होते. काप म्हणजे समोरच्या बॉलला सरळ न लागता कडेला लागणारा शॉट. तो पातळ असेल तर ही चूक आणखी वाढते. ६० अंशाच्या कापात तर दुप्पट.

शिकायला सुरुवात पूलने करा आणि मग स्नूकरकडे वळा. उलट क्रमानेही जमतं, पण त्यात बरेच जण पहिल्या आठवड्यातच कंटाळतात.

माऊस आणि पडदा

विंडोजमध्ये माऊसच्या सेटिंगमध्ये ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ असा पर्याय असतो. तो बंद करा. तो चालू असला की माऊस जोरात हलवल्यावर पॉइंटर प्रमाणापेक्षा जास्त सरकतो. मग तेवढ्याच अंतरावर हात हलवूनही दर वेळी ताकद वेगळी लागते, आणि माऊसच्या हालचालीने क्यू चालवायच्या गेममध्ये हे फार भोवतं. गेममध्ये माऊसची संवेदनशीलता वेगळी ठरवता येत असेल तर ती इतकी कमी ठेवा, की क्यू टेबलाच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्याकडे वळवायला हात चांगला पाच-सात सेंमी हलवावा लागेल.

लॅपटॉपच्या टचपॅडवर नेम धरता येतो, ताकद मात्र नीट येत नाही. माऊस नसेल तर नेमासाठी टचपॅड आणि बारीक दुरुस्तीसाठी बाणांच्या की वापरा. बहुतेक गेममध्ये बारीक नेमासाठी एखादी की दाबून धरायची सोय असते. कंट्रोलच्या यादीत ती सगळ्यात आधी शोधा, कारण लांबच्या शॉटला तिच्याशिवाय गत्यंतर नाही.

चित्र अडखळत असेल तर ग्राफिक्स कमी करा. सावल्या आणि टेबलावरची चमक आधी घालवा, त्यांचा खेळाला उपयोग शून्य. माऊस हलवल्यावर क्यू किंचित उशिरा हलत असेल तर व्ही-सिंक (चित्र पडद्याच्या गतीशी जुळवणारी सेटिंग) बंद करून पाहा. लॅपटॉप बॅटरी वाचवण्याच्या मोडमध्ये असला की पॉवर बार (ताकदीची पट्टी) झटके देत सरकतो आणि ६० टक्क्यांवर सोडलेला शॉट ७० वर लागतो. दोष हाताचा नसतो, पण पॉइंट आपलेच जातात.

शॉट मारण्याच्या तीन पद्धती

क्यू मागे ओढून सोडायची पद्धत सगळ्यात सोपी. जितकं ओढाल तितकी ताकद. इथे चूक होते ती सोडताना, कारण बोट उचलता उचलता माऊस थोडा पुढे सरकतो आणि ताकद कमी होते. ओढून झाल्यावर क्षणभर थांबा, आकडा किंवा पट्टी स्थिर झालेली पाहा आणि मग सोडा.

दुसऱ्या पद्धतीत पट्टी आपोआप वर-खाली होत राहते आणि हवी तिथे क्लिक करायचं. इथे पट्टी वर जाताना क्लिक करायचं की खाली येताना, हे एकदा ठरवा आणि ते बदलू नका. दोन्हीत हाताच्या उशिराची दिशा उलट असते.

तिसऱ्या पद्धतीत एखादी की दाबून धरून माऊस पुढे ढकलायचा, म्हणजे क्यू खरोखर चालवायचा. यात क्यू किती मागे नेला याला महत्त्व नसतं, तो पांढऱ्याला लागतो त्या क्षणाचा वेग मोजला जातो. म्हणून हळू शॉटसाठी क्यू थोडाच मागे न्या आणि सलग एका वेगाने पुढे आणा. खूप मागे नेऊन शेवटी हात आखडला की बॉल अर्ध्यातच थांबतो. काही गेममध्ये माऊस तिरका गेला तर नेमही बिघडतो. तशी सेटिंग असेल तर पहिले काही दिवस बंद ठेवा.

आधी आपल्या गेमची परीक्षा घ्या

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. प्रॅक्टिस मोडमध्ये अर्धा तास बसा आणि हातात कागद-पेन ठेवा.

पहिली चाचणी ताकदीची. पांढरा बॉल बॉक लाइनच्या (पांढरा सुरुवातीला ठेवतात त्या टोकाकडच्या आडव्या रेषेच्या) मध्यावर ठेवा, पूलमध्ये असाल तर सुरुवातीच्या रेषेवर. स्पिनचा ठिपका, म्हणजे क्यू पांढऱ्याला कुठे लागेल ते दाखवणारी खूण, मध्यभागी ठेवून समोरच्या कुशनवर सरळ मारा. समोरच्या कुशनपर्यंत जेमतेम पोहोचायला किती टक्के लागतात, परत येऊन जवळच्या कुशनला टेकायला किती आणि तिथून पुन्हा समोर जायला किती, हे तीन आकडे लिहून घ्या. इथे एक गोष्ट लक्षात येईल. फिरत जाणारा बॉल किती लांब जातो हे वेगाच्या वर्गावर अवलंबून असतं. वेग दुप्पट केला तर अंतर चौपट होतं, प्रत्येक कुशनला थोडा वेग जातो ते वजा करून. पट्टी वेगाच्या प्रमाणात असलेल्या गेममध्ये २० टक्क्यांत एक लांबी होत असेल तर ४० टक्क्यांत दोन नव्हे, तीनाहून जास्त होऊ शकतात. नवशिक्यांचे बॉल सतत जास्त पुढे का जातात, याचं उत्तर या एका गणितात आहे. पट्टीचा वरचा अर्धा भाग सुरुवातीचा फोडणीचा शॉट (त्यालाही ब्रेकच म्हणतात) सोडला तर क्वचितच लागतो.

दुसरी चाचणी घसरण्याची. लक्ष्याचा बॉल सरळ रेषेत ३० सेंमीवर ठेवा आणि पांढऱ्याच्या मध्यावर मध्यम ताकदीने मारा. पांढरा जागच्या जागी थांबायला हवा. आता अंतर वाढवत जा. खऱ्या टेबलावर पांढरा आधी घसरतो आणि कापडाच्या घर्षणाने हळूहळू फिरू लागतो. एकदा तो फिरायला लागला की टक्कर झाल्यावर पुढे सरकतो. तुमच्या गेममध्ये लांबूनही तो जागीच थांबत असेल, तर त्या गेममध्ये घर्षण नीट मोजलेलं नाही आणि स्टन शॉट (स्पिनशिवायचा, पांढरा नुसता घसरत जाणारा) कुठूनही चालेल. पुढे सरकत असेल तर कोणत्या अंतरापासून किती खाली मारावं लागतं हे नोंदवा.

तिसरी चाचणी ओढ लागण्याची. अर्ध्या बॉलचा काप लावा, म्हणजे साधारण ३० अंशाचा. तोच शॉट एकदा अगदी हळू आणि एकदा जोरात मारा. दोन्ही वेळा बॉल एकाच जागी गेला तर गेम शुद्ध भूमितीवर चालतो. हळू शॉटमध्ये काप कमी पडला, म्हणजे बॉल पॉकेटच्या अलीकडच्या जबड्यावर गेला, तर बॉलांमधलं घर्षण मोजलं जातंय. तसं असेल तर हळू कापाचे शॉट रेषेपेक्षा किंचित पातळ घ्यायचे.

चौथी चाचणी साइडची, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूच्या स्पिनची. समोरच्या कुशनच्या मध्यावर नेम धरा आणि ठिपका पूर्ण उजवीकडे नेऊन जोरात मारा. पांढरा सुरुवातीलाच जरा डावीकडे निघाला तर गेममध्ये डिफ्लेक्शन आहे. मग क्यू थोडा उचलून तोच शॉट हळू मारा. बॉल वळत उजवीकडे परत येईल. हे दोन्ही परिणाम असलेल्या गेममध्ये लांबच्या पॉटला (पॉकेटमध्ये बॉल घालण्याच्या शॉटला) साइड देणं टाळा, निदान सुरुवातीला तरी.

नेम

ज्या बॉलला पॉट करायचं आहे, त्याच्या मागे पॉकेटच्या सरळ रेषेत, बॉलला चिकटून एक काल्पनिक पांढरा बॉल आहे असं धरा. पांढऱ्याचं केंद्र त्या काल्पनिक बॉलच्या केंद्रावर पोहोचवायचं, एवढाच नेमाचा नियम. गेम दाखवतो ते पोकळ वर्तुळ हेच असतं.

रेष बंद असेल किंवा छोटी असेल तर बॉल किती झाकला जातो त्यावरून कोन ओळखतात. फुल बॉल म्हणजे सरळ शॉट, पाऊण बॉल म्हणजे सुमारे १४.५ अंश, अर्धा बॉल म्हणजे ३० अंश आणि पाव बॉल म्हणजे सुमारे ४८.६ अंश. अर्ध्या बॉलचा शॉट ओळखायला सगळ्यात सोपा, कारण पांढऱ्याच्या केंद्रातून जाणारी रेष समोरच्या बॉलच्या बरोबर कडेला लागते. हा एक कोन डोळ्यात बसला की बाकीचे त्याच्यापेक्षा जाड की पातळ, एवढंच ठरवायचं उरतं.

कॅमेऱ्याबद्दल एक सूचना. वरून पाहून पॉटची रेष ठरवा, क्यूच्या मागे खाली येऊन नेम धरा आणि मारण्यापूर्वी पुन्हा वर जाऊन आड बॉल आहे का ते बघा. खालून पाहताना शेजारच्या बॉलला पांढऱ्याची कड घासणार आहे हे दिसत नाही. फाऊलचं हे फार नेहमीचं कारण.

पांढऱ्या बॉलची वाट

पांढऱ्यावर स्पिन नसेल, म्हणजे टक्कर होताना तो नुसता घसरत असेल, तर टक्करीनंतर तो पॉट झालेल्या बॉलच्या दिशेशी ९० अंशाचा कोन करून निघतो. हा स्टन शॉट. सगळा पोझिशन प्ले या रेषेभोवती फिरतो, त्यामुळे मारण्यापूर्वी ही ९० अंशाची रेष डोळ्यांनी टेबलावर काढायची सवय लावा. ती पॉकेटमध्ये जात असेल तर स्टन मारू नका, पांढरा आत जाईल.

पांढरा नैसर्गिक गतीने फिरत येत असेल तर अर्ध्या बॉलच्या आसपासच्या सगळ्या कापांत तो आपल्या मूळ दिशेपासून सुमारे ३० अंशांनी वळतो. पाव ते पाऊण बॉल एवढ्या मोठ्या पट्ट्यात हा कोन फारसा बदलत नाही, म्हणून हळू रोलचा शॉट सगळ्यात भरवशाचा. पांढरा निघतानाच फिरत जावा असं वाटत असेल तर ठिपका केंद्रापासून त्रिज्येच्या ४० टक्के वर ठेवा. त्याहून वर म्हणजे जादा टॉप स्पिन.

सरळ शॉटमध्ये फिरत येणारा पांढरा टक्करीनंतर आपल्या मूळ वेगाच्या २/७ वेगाने पुढे जातो. आकडा छोटा वाटतो, पण बॉल पडला ते पॉकेट पुढ्यातच असेल तर पांढरा आत जायला तेवढा पुरेसा असतो.

बॅक स्पिनबाबत सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे ठिपका तळाला नेला की पांढरा मागे येणारच. कापड हा स्पिन सतत खात असतं. लक्ष्य जवळ असेल तर कमी ताकदीतही बॉल मागे येतो. लांब असेल तर वाटेतच स्पिन संपतो आणि पांढरा थांबतो किंवा पुढेही जातो. अंतर वाढलं की आणखी खाली मारण्याबरोबर ताकदही वाढवावी लागते. काही गेममध्ये ठिपका अगदी कडेला नेला तर मिसक्यू होतो, म्हणजे क्यूचं टोक बॉलवरून घसरतं. खऱ्या क्यूची मर्यादा केंद्रापासून साधारण अर्ध्या त्रिज्येपर्यंत असते आणि चांगले गेमही तीच धरतात.

कापाच्या शॉटमध्ये वेगाची वाटणीही पाहा. ३० अंशाच्या कापात समोरच्या बॉलला ८७ टक्के वेग मिळतो आणि स्टनमध्ये पांढऱ्याकडे ५० टक्के उरतो. ६० अंशाला हे आकडे बरोबर उलटे होतात. म्हणून पातळ कापात बॉल पॉकेटपर्यंत पोहोचवण्यापुरतं मारलं तरी पांढरा टेबलभर हिंडतो. यावर स्पिनचा इलाज नाही. कोनच तसा घ्यायचा नाही, म्हणजे आधीच्या शॉटला पांढरा नीट ठेवायचा.

साइडचा खरा उपयोग कुशनवर होतो. पांढरा कुशनवर लागून उजवीकडे जाणार असेल तर उजवी साइड कोन उघडते आणि वेगही थोडा टिकवते. डावी साइड कोन मिटवते आणि वेग मारते. जोरात मारलेला बॉल कुशनवरून अरुंद कोनात परततो, हळू फिरत गेलेला रुंद कोनात. पांढरा कुशनला चिकटलेला असताना गेम क्यू आपोआप उचलतो. अशा वेळी साइड दिली तर बॉल वळेल आणि खाली मारायला जागाच नसेल. तिथून मध्यावर किंवा थोडं वर, हलका शॉट घ्या, अवघड पॉटचा मोह सोडा.

पूल

आठ बॉलच्या पूलमध्ये सात अखंड रंगाचे, सात पट्ट्यांचे आणि काळा आठ नंबर. आंतरराष्ट्रीय नियमांत ब्रेकवर एखादा बॉल पडला पाहिजे किंवा निदान चार बॉल कुशनला लागले पाहिजेत. ब्रेकनंतर टेबल खुलं असतं, म्हणजे त्या वेळी काही पडलं तरी तो गट तुमचा ठरत नाही. गेममधले नियम मात्र वेगळे असू शकतात. पॉकेट सांगावं लागतं का, ब्रेकवर आठ पडला तर काय, फाऊलनंतर पांढरा कुठेही ठेवता येतो की फक्त रेषेमागे, या तीन गोष्टी सुरू करण्यापूर्वी पाहून घ्या.

ब्रेकला पांढरा पहिल्या बॉलवर फुल लागला पाहिजे. पूर्ण ताकद आणि ठिपका केंद्राच्या किंचित खाली ठेवला की पांढरा टेबलाच्या मध्यावर थांबतो. थोडा जरी कडेला लागला तर तो बाजूच्या पॉकेटमध्ये जाण्याची शक्यता वाढते. नेम डगमगत असेल तर ९० टक्के ताकद वापरा, फोड जवळपास तेवढीच होते.

गट निवडताना कोणाचे बॉल आधीच पडलेत ते मोजू नका, अडकलेले बॉल कोणाचे आहेत ते मोजा. सहा मोकळे बॉल आणि एक आठला चिकटलेला, यापेक्षा सात मोकळे बरे. मग उलटीकडून विचार करा: आठ कोणत्या पॉकेटमध्ये जाईल, त्यासाठी पांढरा कुठे हवा, तिथे पांढरा सहज नेणारा आपला बॉल कोणता. तो बॉल शेवटासाठी राखून ठेवा. चिकटलेले बॉल लवकर फोडा, आपले दोन-तीन सोपे बॉल टेबलावर असतानाच. फोडणी फसली तरी मग पुढचा शॉट हातात असतो. आठ लवकर पडला, चुकीच्या पॉकेटमध्ये पडला किंवा त्याच्याबरोबर पांढराही पडला तर गेम हरलात.

नऊ बॉलमध्ये दर वेळी टेबलावरच्या सगळ्यात कमी नंबरच्या बॉलला आधी स्पर्श करायचा. नंतर कोणताही पडला तरी चालतो, नऊ पडला तर गेम जिंकला. त्यामुळे पहिल्या बॉलवरून नऊला ढकलणारी जोडणी दिसते का हे प्रत्येक पाळीला पाहा. सलग तीन फाऊल झाले की गेम जातो. लांब आणि आडोशाच्या जागेवरून कमी नंबर दिसत नसेल आणि ब्रेक नुकताच झाला असेल तर पुश आउटचा, म्हणजे कमी नंबरला न लावताही पांढरा हलवायचा, पर्याय असतो. गेम तो बटण म्हणून दाखवतो आणि बरेच जण ते बटण काय आहे हे न पाहताच पुढे खेळतात.

स्नूकर

१५ लाल, प्रत्येकी १ पॉइंट. पिवळा २, हिरवा ३, तपकिरी ४, निळा ५, गुलाबी ६, काळा ७. लाल पडला की एक रंगीत, रंगीत परत आपल्या जागेवर, पुन्हा लाल. लाल संपले की रंगीत चढत्या क्रमाने. प्रत्येक लालनंतर काळा घेतला तर १२० आणि शेवटचे रंगीत २७, असा १४७ चा ब्रेक.

फाऊलचा दंड किमान ४ आणि कमाल ७. गेममध्ये एक फसवी गोष्ट म्हणजे रंगीत बॉल जाहीर करणं. काही गेम नेमाच्या रेषेवरून रंग स्वतःच ओळखतात, काहींत तो निवडावा लागतो. रेष निळ्यावर आहे पण कोपऱ्यात अजून काळा निवडलेला दिसतोय, अशा वेळी मारलात तर ७ चा फाऊल. प्रत्येक लालनंतर तो कोपरा पाहा.

ब्रेक ऑफला पांढरा डीमध्ये (बॉक लाइनवरच्या अर्धवर्तुळात) तपकिरी आणि पिवळ्याच्या मध्ये ठेवा. त्रिकोणाच्या शेवटच्या ओळीतल्या उजव्या टोकाच्या लालला पातळ, साधारण पाव बॉल लावा आणि उजवी साइड द्या. पांढरा समोरच्या कुशनवरून, उजव्या कुशनवरून टेबल ओलांडत परत बॉकमध्ये (बॉक लाइनच्या मागच्या भागात) येतो आणि तिथल्या कुशनला टेकून थांबायला हवा. तपकिरी किंवा हिरव्याला धडकत असेल तर साइड थोडी बदला. लाल फार फुटत असतील तर आणखी पातळ घ्या. हा शॉट दोन डझन वेळा मारून ठिपक्याची जागा आणि टक्के पक्के करा. एकदा जमला की कायमचा.

ब्रेक बांधताना काळ्याभोवती राहा, पण काळ्यावर सरळ शॉट ठेवू नका. सरळ असला की पांढरा बाजूला जाऊच शकत नाही, फक्त पुढे किंवा मागे. थोडा कोन असेल तर स्टन, रोल आणि स्क्रू (बॅक स्पिन) या तिन्हींनी तीन वेगळ्या जागी जाता येतं. लालचा पुंजका काळ्यावरून किंवा निळ्यावरून फोडतात, आणि तेव्हाही एखादा मोकळा लाल शिल्लक हवा. कुशनजवळचे लाल शेवटी उरले की ब्रेक संपलाच म्हणा, त्यांना पांढरा जवळून जात असतानाच उचला.

शेवटच्या रंगीत बॉलांमध्ये निळ्याची जागा कळीची. मधल्या पॉकेटमध्ये निळा घालताना पांढरा बॉकच्या बाजूला असेल तर तो आपोआप गुलाबीकडे निघतो. गुलाबीच्या बाजूला असेल तर तो बॉककडे पळतो आणि कुशनवरून लांबचा फेरा मारून यावा लागतो. म्हणून तपकिरी घालतानाच पांढरा निळ्याच्या बॉककडच्या अंगाला ठेवायचा.

टेबलावर किती पॉइंट उरलेत हे सतत मोजत राहा: उरलेले लाल गुणिले ८, अधिक २७. चार लाल असतील तर ५९. लाल नुकताच पडून रंगीत बाकी असेल तर त्यात आणखी ७. तुम्ही यापेक्षा जास्त मागे असाल तर पॉट करून काही हाती लागत नाही, समोरच्याला स्नूकर करून, म्हणजे त्याला लागणारा बॉल दुसऱ्या बॉलाआड लपवून, फाऊल काढावे लागतील. उलट तुम्ही पुढे असाल तर अवघड पॉट कशाला? पांढरा बॉकच्या कुशनला नेऊन ठेवा.

फाऊलनंतर गेम काही पर्याय देतो. स्वतः खेळा, समोरच्याला तिथूनच पुन्हा खेळायला लावा, किंवा मिस (लागणारा बॉल गाठायचा पुरेसा प्रयत्न झाला नाही असा निर्णय) दिला असेल तर बॉल जागेवर लावून शॉट परत मारायला लावा. समोरचा घट्ट स्नूकरमध्ये असेल तर शेवटचा पर्याय पुन्हा पुन्हा घ्या, प्रत्येक वेळी निदान ४ पॉइंट मिळतात. समोरच्याच्या फाऊलमुळे तुम्ही स्नूकरमध्ये अडकलात तर फ्री बॉल मिळतो. टेबलावर लाल असतील तर मग कोणताही बॉल लाल समजून मारता येतो आणि त्याचा १ पॉइंट मिळतो, मग रंगीत. पांढरा एखाद्या लालला टेकलेला असेल तर गेम तसं लिहून दाखवतो. अशा वेळी त्या लालला न हलवता पांढरा दूर मारायचा, लाल आधीच लागला असं धरलं जातं.

कॉम्प्युटर समोर असताना

वरच्या पातळीवरचा कॉम्प्युटर लांबचा पॉट माणसासारखा चुकत नाही. म्हणून बऱ्याच गेममध्ये नुसतं अंतर ठेवून बचाव होत नाही, मध्ये आडोसा लागतो. सेफ्टी (बचावाचा शॉट) खेळताना पांढरा कुठे जातो याआधी लक्ष्याचा बॉल कुठे जाईल ते ठरवा आणि दोघांमध्ये एखादा रंगीत येईल असं बघा. पातळी निवडताना तुमच्याकडून निदान तीनातली एक फ्रेम (स्नूकरचा एक डाव) जिंकली जाईल अशी निवडा. त्यापेक्षा अवघड ठेवली तर बहुतेक वेळ खुर्चीत बसून बघण्यात जातो.

ऑनलाइन खेळताना वेळेची मर्यादा असते. समोरचा खेळत असताना पुढचे दोन शॉट ठरवून ठेवा आणि आपली पाळी आली की आधी स्पिनचा ठिपका मध्यावर आला आहे का ते पाहा. मागच्या शॉटचा बॅक स्पिन तसाच राहून सोपा पॉट गेल्याची तक्रार फार ऐकू येते.

सराव

तीन सराव पुरेत. पहिला, निळ्याच्या जागेपासून काळ्यापर्यंत लाल एका रेषेत लावून रंगीतसह साफ करायचे. सुरुवातीला पाच लाल, जमू लागले की वाढवायचे. दुसरा, एकच सरळ शॉट लावून पांढरा कधी अर्धा मीटर मागे, कधी जागीच, कधी अर्धा मीटर पुढे थांबवायचा. कागदावरचे टक्के इथे उपयोगी पडतात. तिसरा, टेबलावर तीन बॉल कुठेही ठेवून पांढरा हाताने ठेवायचा आणि मारण्यापूर्वी तिन्ही शॉटनंतर तो कुठे थांबेल ते मोठ्याने सांगायचं. पूलमध्ये हे तीन बॉल दहापैकी आठ वेळा साफ होऊ लागले की चौथा ठेवा.

नेमाची रेष एकदम बंद करू नका. आधी समोरच्या बॉलची रेष घालवा आणि पांढऱ्याची ठेवा. आठवडाभराने पांढऱ्याचीही छोटी करा. स्नूकरमध्ये रेष पूर्ण बंद करून २० चा ब्रेक होऊ लागला की संवेदनशीलता आणखी थोडी कमी करून पाहा, लांबच्या पॉटमध्ये फरक लगेच दिसतो.